चाल बदलली म्हणजे विकले गेले काय?



गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एखादा संच लोकांच्या गळ्यातला ताईत होतो, काही वर्षांनी तो आपली चाल बदलतो, आणि त्याचेच जुने चाहते म्हणू लागतात, ‘हे विकले गेले.’ पाश्चात्य रॉक बँडांच्या बाबतीत हा वाद नेहमीचा आहे. अमेरिकेतल्या बॉब डिलनने 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात साधी गिटार बाजूला ठेवून विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात इंग्लंडात मँचेस्टरच्या कार्यक्रमात एकाने भर सभागृहात त्याला ‘जुडास’ म्हणून हाक मारली. येशूला तीस नाण्यांसाठी पकडून देणारा तो जुडास. म्हणजे आरोप निव्वळ बेसूरपणाचा नव्हता, पैशासाठी केलेल्या विश्वासघाताचा होता.

माझ्या घरातली तरुण मंडळी असल्या गोष्टींवर तावातावाने भांडतात, म्हणून मला इतकी तरी माहिती झाली. आमच्या पिढीला बँड म्हटले की लग्नाच्या वरातीतला लाल कोटवाल्यांचा ताफाच डोळ्यांपुढे येतो. पण हा वाद ऐकताना मला वाटत राहिले की हे सगळे आपल्याकडे होऊन गेले आहे, आणि त्याचे बरेचसे धागे आपल्या बेळगाव-धारवाडच्या मातीतून गेले आहेत. आपल्याकडे बँड नव्हते, नाटक मंडळ्या होत्या. मंडळीचे स्वतःचे गायक नट, स्वतःचे साथीदार, चाली देणारा ठरलेला बुवा, भागीदारी, गावोगावचे मुक्काम, आणि ‘आमची मंडळी’ म्हणून भांडणारा प्रेक्षक. बँडात याहून वेगळे काय असते?

आता ‘मूळ चाल’ कोणती, तिथूनच घोळ सुरू होतो. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीला सीतास्वयंवराचा खेळ केला, त्याची प्रेरणा उत्तर कानड्यातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळांतून आली होती. त्यात गाण्याचा सारा भार सूत्रधारावर. पात्रे आपापली भाषणे करीत. योगायोग असा की त्याच 1843 साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. अण्णासाहेबांनी बेळगावात ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली होती. पुढे पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून त्यांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. पदे दोनशेच्या आसपास, आणि ती आता पात्रांच्याच तोंडी. चाली कुठल्या? कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या, लावणीचा ठसका होता, स्त्रीगीतांचे वळण होते, आणि कानडी पदांच्या चालीही होत्या. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानात कानडी चाली असणारच. त्याला त्या परक्या वाटायचे कारण नव्हते. ‘सौभद्र’ 1882 साली आले, आणि आज आपण ज्याला अस्सल जुने नाट्यसंगीत म्हणतो ते उभे राहिले. भाव्यांच्या सूत्रधारावर ज्यांचे कान पोसले होते, त्यांच्या लेखी मात्र ते नवेच होते.

किर्लोस्करी पदांचा एक गुण लक्षात घ्यावा. ती लहान असत आणि गोष्ट पुढे नेत. रुक्मिणी-सुभद्रा बोलता बोलता गाऊ लागत आणि गाता गाता पुन्हा बोलू लागत. प्रेक्षकांतली आजीबाईसुद्धा घरी जाताना ते पद गुणगुणत जाई, कारण ताना घेण्याची गरजच नव्हती.

12 मार्च 1911 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर मंडळींनी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ केले आणि चाल बदलली. चाली दिल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे पेटीवाले, बैठकीतले गाणे भरपूर ऐकलेले. ठुमरी, गझल, पूरबी ढंगाच्या बंदिशी त्यांनी पदांत आणून बसवल्या. दोन वर्षांनी मंडळी फुटली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या चाली दिल्या. हे भास्करबुवा पोरवयात किर्लोस्करांच्याच मंडळीत नट होते, आवाज फुटल्यावर बाहेर पडले, उस्तादांकडे शिकले, काही काळ धारवाडला शिक्षक होते. पदांची संख्या आता पन्नास-साठावर आली, पण एकेक पद वाढत चालले. ‘वन्समोअर’ पडला की नव्या ताना, पुन्हा पडला की आणखी नव्या. रुक्मिणी कृष्णाची वाट पाहते आहे हे प्रेक्षक विसरला. तो पुढच्या समेची वाट पाहू लागला.

जुन्या रसिकांनी ओरड केली. नाटकाची मैफल झाली, कथा मेली, टाळ्यांसाठी आणि गल्ल्यासाठी अण्णासाहेबांची परंपरा बाजारात मांडली, असा सूर निघाला. आमच्या धंद्यात एक रोजचा अनुभव आहे. रुग्ण जे लक्षण सांगतो ते बहुधा खरे असते. त्याचे कारण म्हणून तो जे सांगतो ते खरे असेलच असे नाही. पोटात दुखते हे खरे, पण ते शेजारणीने दिलेल्या लाडवानेच दुखते हे कशावरून? नाट्यसंगीताच्या टीकाकारांचे असेच झाले. कथा मागे पडली हे लक्षण त्यांनी अचूक सांगितले. गल्ला हे कारण मात्र तपासून पाहिले पाहिजे.

जो विकतो त्याच्या पदरात काही पडले पाहिजे. गंधर्व मंडळीचे हिशेब उलटच सांगतात. बालगंधर्वांना रंगभूमीवर खरे जरीचे शालू लागत, खरे दागिने, उंची गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. त्या काळच्या हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा तबलजी नाटकाच्या साथीला बसवणे हे काही काटकसरीचे लक्षण नव्हे. तुडुंब गर्दी होऊनही 1921 च्या सुमारास मंडळी लाखाहून अधिक रुपयांच्या कर्जात होती, आणि पुढची कित्येक वर्षे खेळ करून ते फेडण्यात गेली. याला विक्री म्हणायचे तर ती फारच आतबट्ट्याची विक्री झाली.

मग चाल बदलली कशाने? मला तरी सरळ कारण दिसते. राजेरजवाड्यांच्या आश्रयातली गवई मंडळी मुंबई-पुण्याकडे येऊ लागली होती. सामान्य घरातल्या माणसाला त्यांची बैठक ऐकायला मिळत नव्हती. बायकांना तर नाहीच. चार-आठ आण्यांच्या तिकिटात ते गाणे नाटकाने त्यांच्यापर्यंत आणले. आपल्या आज्या-पणज्यांना भीमपलास, यमन यांची ओळख झाली ती कुठल्या उस्तादाकडून नव्हे, नाटकातून. कथेचे नुकसान झाले, हे मी नाकारीत नाही. ‘सौभद्र’ मला ‘स्वयंवरा’पेक्षा नाटक म्हणून कितीतरी सरस वाटते. पण नुकसान होणे वेगळे आणि इमान विकणे वेगळे.

शिवाय एकच नवी चाल नव्हती. केशवराव भोसल्यांनी 1908 साली ललितकलादर्श मंडळी काढली ती हुबळीला. केशवरावांना तालीम मिळाली रामकृष्णबुवा वझ्यांची, ज्यांचे वास्तव्य पुढे बेळगावात होते. बालगंधर्वांची गोड, लडिवाळ लय, तर केशवरावांचा चढा, झोंबणारा सूर. तिसरीकडे दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी, 1918 ची. पंजाबी ढंगाच्या आक्रमक ताना. त्यांच्या ‘रणदुंदुभी’ला चाली वझेबुवांच्याच. एका मंडळीचा भक्त दुसरीला भ्रष्ट म्हणे. आणि तरी 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर उभे राहिले. लोकांनी चढ्या भावाची तिकिटे काढून दोन्ही गायक्या एकाच रात्री ऐकल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस.

इथे ग्रामोफोनचाही विचार करावा लागतो. रंगभूमीवर अर्धा अर्धा तास रंगणारे पद तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावे लागे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी चावीचा फोनो होता, त्यांच्या कानात बसले आहे ते हे तीन मिनिटांचे बालगंधर्व. नंतरचा कोणी गायक वेगळे गायला की आपण म्हणतो, मूळ चाल बिघडवली. पण ती तबकडी मूळ कुठे होती? तीही यंत्राच्या मापाने कापलेलीच.

आता बोलपटांकडे येऊ. 1932 साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्याला संगीत दिले ‘मानापमान’वाल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. ज्याने एकदा चाल बदलली होती, त्याने वीस वर्षांनी पुन्हा बदलली. दीनानाथांच्या मंडळीनेही चित्रपटाचा धंदा करून पाहिला आणि त्यात हात पोळून घेतले. 1 जुलै 1933 ला नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. केशवराव भोळ्यांच्या चाली, पदे मोजकी आणि छोटी, भावगीताच्या वळणाची, ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यातली. म्हणजे पद पुन्हा आखूड झाले, कथेकडे परतले. त्यावर गंधर्वभक्तांनी काय म्हटले असेल, ते आपण ओळखालच. वीसेक वर्षांपूर्वी पद लांबले म्हणून जी नापसंती होती, तीच आता पद आखडले म्हणून.

बालगंधर्वांनी प्रभातसाठी 1935 साली ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या विजापूरकडच्या बिळगीच्या. कानडी मुलखातली ही बाई तबकड्या ऐकून बालगंधर्वांची गायकी इतकी हुबेहूब उचलून आली होती, की ऐकणाऱ्याला फरक कळू नये. बालगंधर्वांनी मात्र चाल बदलली नाही. वय झाले, आवाज थकला, तरी लोक तीच पदे मागत आणि ते तीच पदे गात.

या वादात हाच भाग मला सर्वांत अवघड वाटतो. चाल बदलणाऱ्यावर बाजाराला शरण गेल्याचा आरोप करणे सोपे आहे. पण जुनी चाल धरून ठेवणाऱ्यालाही गिऱ्हाईक असतेच, आणि ते अधिक हट्टी असते. ते पैसे मोजते, रडते, प्रेम करते, आणि कलावंताला तसूभर हलू देत नाही. न्यूपोर्टला हुर्यो उडवणारेही डिलनचे वैरी नव्हते, त्याचे भक्तच होते. साठी उलटलेल्या बालगंधर्वांना तरुणपणीची पदे पुन्हा पुन्हा गायला लावणारा श्रोता त्यांची पूजा करीत होता हे खरे. पण तीही फर्माईशच होती, आणि तिचेही तिकीट होते.

अगदी आमच्या बस्तीतही हा प्रश्न येतो. पूजेची पदे नाट्यगीतांच्या चालीवर म्हणणारी वडीलधारी मंडळी होती. नव्या मुली तीच पदे सिनेमाच्या चालींवर म्हणू लागल्या, तेव्हा याच वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. आपणही एकेकाळी थिएटरातून उसनी आणली होती हे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

साठाव्या दशकात गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी आले. वसंत कानेटकरांच्या 1964 च्या ‘मत्स्यगंधा’त त्यांनी पद आटोपशीर ठेवले, आणि ते पुन्हा प्रसंगाला बांधले. राग होता, पण रागाचा पसारा नव्हता. किर्लोस्करांशी त्यांचे नाते भास्करबुवांपेक्षा जवळचे आहे असे मला वाटते, जरी कानाला ते अगदी वेगळे लागते. 15 जुलै 1967 रोजी बालगंधर्व गेले. त्याच वर्षी 24 डिसेंबरला पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, चाली अभिषेकींच्या. एका घराण्याची गायकी दुसऱ्याने उचलावी की नाही, यावरच ते सारे नाटक उभे आहे. त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत होते वसंतराव देशपांडे, ज्यांना कुठल्याच एका घराण्यात नीट बसवता येत नाही.