लोखंडावरची अक्षरं

छंद तुमचा जुन्या लष्करी शस्त्रांचा आणि राहणं वर्धा जिल्ह्यात. काही देशांत फौजेतून मोडीत निघालेल्या रायफली हौशी माणूस परवाना काढून विकत घेतो. आपल्याकडे त्या सामान्य माणसाच्या हाती येतच नाहीत. तेव्हा बाजार सोडा आणि मागे चला.

1817चा डिसेंबर. तुम्ही नाचणगावच्या वेशीत उभे आहात. जवळून वाहणाऱ्या वर्धेच्या पलीकडे निजामाचा मुलूख, अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा. 1803च्या देवगावच्या तहाने ही नदीच हद्द झाली. पेंढाऱ्यांच्या धास्तीने दार लवकर लागलंय. आतल्या शिपायाकडे तोड्याची बंदूक आहे. तुम्ही हात पुढे करता, तो आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो आणि मग देतो.

भलतीच जड. नळी तुमच्या छातीपर्यंत येते, दस्ता मात्र अरुंद, खांद्याला नीट बसत नाही. तो भरून दाखवतो: शिंगातून दारू नळीत, वर शिशाची गोळी, गजाने ठासणी. मग नळीच्या कानात, म्हणजे बत्तीच्या छिद्राशी, चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू. मनगटाला गुंडाळलेल्या जामगीवर, म्हणजे जळत्या वातीवर, फुंकर घालतो, टोक लाल होतं. चाप ओढला की ते टोक रंजकीवर टेकतं आणि बार उडतो. पावसात हे सगळं निरुपयोगी. नळीवर तुम्ही कारागिराचं नाव शोधता. काही नाही. शिपायाला त्याचं नवल वाटत नाही. बंदूक चालते की नाही एवढंच तो बघतो.

पण संग्राहकाला तेवढ्यावर भागत नाही. नागपुरात नुकतीच सीताबर्डीची लढाई झाली आहे, भोसल्यांची राजधानी इंग्रजांच्या हाती जाते आहे. पहिल्या रघुजींची एक तलवार अशाच धामधुमीत देशाबाहेर गेली असावी, असा जाणकारांचा कयास. पातं युरोपीय बनावटीचं, पण त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा यांचं नाव. एप्रिल 2025मध्ये ती लंडनच्या सोदबीजच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने सुमारे 47 लाख रुपयांना सोडवून आणली. ती अक्षरं नसती तर ते एक चांगलं जुनं पातं ठरलं असतं, एवढंच. माझ्या मते या छंदाचं मर्म इथेच आहे.

सीताबर्डीच्या लढाईचं इंग्रजी पदक बघायला 1851पर्यंत थांबावं लागतं. कंपनीच्या जुन्या लढायांसाठी चांदीचं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघालं, तेही फक्त हयात असलेल्यांना. सीताबर्डी, नागपूर, गाविलगड अशा पट्ट्या त्याला लावल्या, काठावर सैनिकाचं नाव घातलं. सीताबर्डीनंतरच्या चौतीस वर्षांत बहुतेक जण गेलेच होते. म्हणून आज त्या पट्ट्यांना संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात.

1878चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. वर्धा शहर तेव्हा पालकवाडीच्या जागी बारा वर्षांपूर्वी वसलेलं. या काळात तुम्ही एखाद्या मालगुजाराच्या वाड्यात शिरलात तर बंदुकीआधी कागद मागा.

14 जुलै 1942. वर्धा स्टेशन, पाऊस. गावात काँग्रेस कार्यकारिणी इंग्रजांना जा म्हणणारा ठराव करते आहे आणि फलाटावर सैनिकांची गाडी उभी आहे. एकाच्या रायफलीच्या बोल्टखाली, दस्ता जिथे यंत्रणेला जोडलेला असतो तिथल्या लोखंडी पट्टीवर तुमची नजर जाते: मुकुट, जी.आर.आय., ईशापूर, साल. पॉइंट थ्री-नॉट-थ्री. स्वातंत्र्यानंतर त्या मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. तीच जात, खूण निराळी. आणि इथून काही मैलांवर सेवाग्रामात असा माणूस राहतो, ज्याने बोअर आणि झुलू युद्धांतल्या सेवेची पदकं आणि कैसर-ए-हिंद 1920मध्ये व्हाइसरॉयला परत पाठवून दिली!

आता परत या. पुलगाव. 31 मे 2016च्या मध्यरात्री इथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. लष्करी अधिकाऱ्यांसह अग्निशमन दलाचे जवान दगावले. 20 नोव्हेंबर 2018ला जुना दारूगोळा निकामी करताना सहा जणांचा जीव गेला. हे जिल्ह्याने भोगलंय. तेव्हा शेतात, नाल्यात गवसलेला गोळा ही संग्रहाची वस्तू नव्हे. हात लावू नका, पोलिसांना कळवा.

कायद्याने थोडी मोकळीक ठेवली आहे. 1959च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45नुसार, दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुन्या घडणीचं शस्त्र परवान्याविना ठेवता येतं. पण चालणार नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. थ्री-नॉट-थ्री तर प्रतिबंधित बोअर आहे. आजोबांची म्हणून माळ्यावर सापडली तरी ती आधी ठाण्यात दाखवा.

आणि माळ्यावर पदक, परवान्याची वही, बिल्ला असं काही निघालं तर धातूची वस्तू पितांबरीने घासू नका. चकाकी येते आणि अक्षरं जातात. कोरड्या कापडाने पुसा, नावाचा फोटो काढा, वस्तू कोणाची हे कागदावर लिहून सोबत ठेवा.