महानगरीय काउंट्या व अध्यक्षीय मतदान

महानगरीय काउंट्या व अध्यक्षीय मतदान : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वाढत्या महानगरांलगतच्या काउंट्यांचा अध्यक्षीय निवडणुकीतील कल अनेक दशकांच्या अवधीत बदलत गेला, त्या प्रक्रियेचा इतिहास. काउंटी हा राज्याखालोखालचा प्रशासकीय विभाग असून स्थूलमानाने तो भारतातील जिल्ह्यासारखा मानता येईल. देशात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. अध्यक्षाची निवड ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाकडून होते आणि मेन व नेब्रॅस्का वगळता प्रत्येक राज्यातील सर्व निर्वाचक बहुमत मिळविणाऱ्या उमेदवाराच्या वाट्याला जातात. त्यामुळे एखादी काउंटी जिंकण्याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व नाही. तथापि मतांची नोंद काउंटीवार होते व काउंट्यांच्या सीमा क्वचितच बदलतात; म्हणून दीर्घकालीन तुलनेसाठी अभ्यासक हाच घटक प्रमाण मानतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर महानगरांच्या परिसराचे स्वरूप पालटले. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना मिळालेली गृहकर्जाची हमी व १९५६ च्या कायद्याने हाती घेतलेले आंतरराज्य महामार्ग यांमुळे शेतजमिनींवर उपनगरे वसली. कर्जाची हमी देणाऱ्या यंत्रणांच्या निकषांमुळे व घरविक्रीतील वर्णभेदामुळे या वसाहतींत बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गालाच प्रवेश मिळाला. १९५२ नंतर यांतील अनेक काउंट्या रिपब्लिकन पक्षाचा आधार बनल्या.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी हे याचे ठळक उदाहरण होय. १८८९ मध्ये लॉस अँजेल्स काउंटीतून ती वेगळी झाली. संत्र्यांच्या बागांच्या या प्रदेशाची लोकसंख्या १९५० मध्ये २,१६,२२४ होती. १९७० मध्ये ती १४ लाखांवर गेली. संरक्षण-उद्योग, नाविक दलांचे तळ व १९५५ मध्ये ॲनाहाइम येथे सुरू झालेले डिस्नेलँड यांनी या वाढीस चालना दिली. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा जन्म येथीलच. १९४० पासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत या काउंटीने रिपब्लिकन उमेदवारास बहुमत दिले. १९८४ मध्ये रॉनल्ड रेगन यांना सुमारे तीन-चतुर्थांश मते मिळाली. मात्र याच काळात लोकवस्ती बदलत होती. १९७५ नंतर आलेल्या व्हिएटनामी निर्वासितांची वेस्टमिन्स्टर येथे मोठी वसाहत झाली, मेक्सिकन वंशाचे नागरिक वाढले व अर्व्हाइनमध्ये विद्यापीठाभोवती उच्चशिक्षितांची नगरी उभी राहिली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ही काउंटी जिंकली. १९३६ मध्ये फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्यानंतर डेमॉक्रॅटिक उमेदवारास मिळालेले हे पहिलेच यश होते. २०२० व २०२४ मध्येही हा कल टिकला. २०२४ मध्ये मात्र मताधिक्य बरेच घटले.

दक्षिणेकडील राज्यांत हे परिवर्तन दुहेरी झाले. अटलांटाजवळील ग्विनेट काउंटीची लोकसंख्या १९६० मध्ये ४३,५४१ होती. २०२० मध्ये ती ९,५७,०६२ झाली. तेथे डेमॉक्रॅटिक पक्षाची जुनी परंपरा होती व १९७६ मध्ये जॉर्जियाचेच जिमी कार्टर येथे विजयी झाले. पण १९८० पासून उपनगरी वस्ती रिपब्लिकन पक्षाकडे वळली. अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूकसेवेत सामील होण्याचा प्रस्ताव ग्विनेटच्या मतदारांनी १९७१, १९९० व २०१९ मध्ये फेटाळला. सुरुवातीच्या विरोधामागे शहरातील कृष्णवर्णीय वस्तीविषयीची धास्ती हे एक प्रमुख कारण होते. ज्या वस्तीला दूर ठेवण्याचा हा प्रयत्न होता, ती पुढे स्वतःच्या कमाईवर येथे स्थायिक झाली. तिच्या जोडीस कोरियन, भारतीय व लॅटिन अमेरिकी वंशाची कुटुंबे आली. १९९० मध्ये दहांपैकी नऊ रहिवासी गोरे होते, तर २०२० मध्ये त्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. २००४ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना सुमारे दोन-तृतीयांश मते देणारी ही काउंटी २०१६ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाकडे गेली.

व्हर्जिनियातील लाउडन काउंटीची लोकसंख्या १९९० मध्ये ८६,१२९ होती. २०२० मध्ये ती ४,२०,९५९ झाली. डलेस विमानतळ (१९६२), संगणक-व्यवसाय आणि राजधानी वॉशिंग्टनचे सान्निध्य ही या वाढीची कारणे होत. १९६५ च्या आप्रवासन कायद्याने खुल्या झालेल्या मार्गाने आलेल्या भारतीय तंत्रज्ञांची येथे लक्षणीय वस्ती आहे. १९६४ मधील लिंडन जॉन्सन यांच्यानंतर येथे विजय मिळविणारे पहिले डेमॉक्रॅटिक उमेदवार म्हणजे बराक ओबामा (२००८); त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यही १९६४ नंतर प्रथमच त्या पक्षाकडे गेले.

या बदलामागे तीन प्रक्रिया दिसतात : नव्या रहिवाशांचे आगमन, जुन्या मतदारांची जागा पुढील पिढीने घेणे आणि त्याच मतदारांचे मतांतर. शेवटच्या प्रक्रियेत शिक्षणाचा वाटा मोठा आहे. १९९० नंतर पदवीधर मतदार डेमॉक्रॅटिक पक्षाकडे, तर पदवी नसलेले गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे अधिकाधिक झुकले. काउंटीच्या एकूण आकड्यांवरून मात्र या तीन प्रक्रिया वेगळ्या करता येत नाहीत. माणसे बदलली की माणसांची मते बदलली, याचा निर्णय सर्वेक्षणे व जनगणना यांच्या साहाय्यानेच करावा लागतो.

लोकसंख्येवरून भावी बहुमताचे भाकीत करण्याचे प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाले. केव्हिन फिलिप्स यांनी १९६९ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या, तर जॉन ज्यूडिस व रूय टेशेरा यांनी २००२ मध्ये डेमॉक्रॅटिक बहुमताच्या उदयाचे प्रतिपादन केले. परंतु असे कल कायम राहतातच असे नाही. फीनिक्स शहराचा समावेश असलेल्या ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत (लोकसंख्या ४४,२०,५६८–२०२०) १९४८ नंतर प्रथमच २०२० मध्ये डेमॉक्रॅटिक पक्ष विजयी झाला. २०२४ मध्ये ती पुन्हा डॉनल्ड ट्रंप यांच्याकडे गेली. फ्लॉरिडातील मायामी-डेड काउंटीत लॅटिन अमेरिकी वंशाचे नागरिक बहुसंख्य असूनही २०२४ मध्ये ट्रंप विजयी झाले; १९८८ नंतर रिपब्लिकन पक्षाचा तेथील हा पहिलाच विजय. वंश व मत यांचे समीकरण स्थिर नाही, हेच यावरून दिसते.

या स्थित्यंतराचे महत्त्व राष्ट्रीय आहे. २०२० मध्ये जो बायडेन जॉर्जियात ११,७७९ व ॲरिझोनात १०,४५७ मतांनी विजयी झाले. एकट्या ग्विनेटमधील त्यांचे मताधिक्य सुमारे ७५,००० होते. निकाल अशा काउंट्यांवर अवलंबून राहिल्यामुळे तेथील मतमोजणीच वादाचा विषय ठरली. जॉर्जियात मतपत्रिका हाताने पुन्हा मोजण्यात आल्या, तर मॅरिकोपातील मतपत्रिकांची २०२१ मध्ये राज्य-सिनेटच्या आदेशाने स्वतंत्र तपासणी झाली. दोन्ही ठिकाणी मूळ निकालच कायम राहिला. वसाहतीच्या वेशीवर कोणाला प्रवेश द्यावा, हा स्थानिक प्रश्न अर्धशतकाच्या अवधीत राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा या प्रश्नाशी जोडला गेला, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.