अन्न आणि अंश

बीड तालुक्यातील पाली ह्या गावी आमचे मूळ घर. त्या घरात माझे एक चुलत आजोबा राहत. आम्ही मुले त्यांस अप्पा म्हणत असू. बाळपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती. पंक्तीत पहिले पान त्यांचे मांडले जाई, आणि दिवाळीस नवे धोतर प्रथम त्यांच्या हाती पडे. सुट्टीत मी गावी गेलो की त्यांची काठी धरण्याचे काम माझ्याकडे येई. काठीचे पुढचे टोक माझ्या हाती व मागचे त्यांच्या हाती असे. परंतु कोठे जावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे आणि कोणाच्या ओट्यावर किती वेळ बसावयाचे, हे सर्व तेच ठरवीत.

पुढे शेताच्या वाटण्या झाल्या. ‘अप्पांना काय करायचाय वाटा? जन्मभर सांभाळूच की आपण,’ असे ओसरीवर कोणीतरी बोलले, आणि त्यात कोणासच काही वावगे दिसले नाही. कागद झाला, अप्पांनी अंगठा उठविला. घरी परतताना त्यांनी मला विचारले, ‘कागदात काय लिहिलं होतं रे?’ मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असणाऱ्यांनी तो वाचून दाखविला नव्हता.

पुढे इतिहास शिकविण्याचा व्यवसाय पत्करल्यावर माझ्या ध्यानात आले की, ओसरीवरचे ते वाक्य आमच्या घराचे नव्हतेच. त्याचे वय नऊशे वर्षांहून अधिक आहे. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य ह्याच्या राज्यात (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आमच्या मराठवाड्याच्या अगदी शेजारचे. आंधळा, पांगळा, वेडा, जड आणि असाध्य रोगाने पीडलेला, अशांस पित्याच्या धनात अंश नाही. मात्र त्यांचे भरणपोषण झालेच पाहिजे, असा तेथे निर्णय आहे. तो निर्दयपणाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. अशांना अन्नवस्त्र न देणाऱ्यास पातक सांगितले आहे. त्यांच्या निर्दोष पुत्रांस वाटा दिला आहे. वाटणीनंतर औषधाने दोष गेला तर त्या पुरुषासही अंश मिळावा, अशी सोय ठेविली आहे. दयेची तरतूद भरपूर होती. पण जो पोसला जातो त्याने घराच्या कारभारात बोलावयाचे काय, ह्या प्रश्नास तेथे जागा नव्हती.

ही व्यवस्था इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू कायदा म्हणून चालविली. तिला पहिला मोठा धक्का बसला तो १९२८ च्या बाराव्या कायद्याने. केवळ रोग, व्यंग अथवा शारीरिक वा मानसिक दोष ह्या कारणास्तव कोणासही वारसा अथवा एकत्र कुटुंबातील हिस्सा नाकारता येणार नाही, असे त्याने ठरविले. तथापि जन्मतःच वेडा अथवा जड असलेला मनुष्य त्यातून वगळला होता, बंगालच्या दायभाग पंथास तो लागू नव्हता, आणि आम्ही ज्या निजामी मुलुखातले, तेथेही तो आपोआप लागू होत नव्हता. हे अपवाद हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने पुसून टाकले. तो १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे अप्पांच्या अंगठ्याच्या वेळी कायदा केव्हाच बदललेला होता. ओसरीवर मात्र विज्ञानेश्वराचाच अंमल चालू होता.

ज्यांस घर नाही किंवा घराने टाकले, त्यांच्यासाठी मधल्या काळात संस्था निघाल्या. मुंबईस १८९० मध्ये अॅकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने कुष्ठालय उभे राहिले. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास कोंडून ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि तो कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, तेव्हा कोंडवाड्याच्या जागी स्वकष्टाचे गाव आले. नसीमा हुरजूक ह्यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर राहून १९८४ मध्ये कोल्हापुरास अपंगांची संस्था काढली. आमच्या पालीतही दत्ता व संध्या बारगजे ह्यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’ चालविली आहे. ही कामे थोर आहेत. तरी एक प्रश्न उरतोच: ज्याला स्वतःचे घर आहे, त्याने त्याच घरात, आपल्याच मर्जीने राहावयाचे म्हटले तर काय?

‘हातापायांनी परावलंबी असलेला मनुष्य स्वतंत्र कसा?’ अशी शंका येथे कोणी सहज काढील. तिचे उत्तर आपल्या वऱ्हाडातच आहे. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. दुसऱ्यांनी वाचावे व त्यांनी ऐकावे, त्यांनी सांगावे व दुसऱ्यांनी लिहावे, अशा रीतीने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांची शंभरावर लहानमोठी पुस्तके झाली. लेखणी परक्याच्या हाती होती म्हणून ते ग्रंथ परक्याचे झाले नाहीत. अमेरिकेत एड रॉबर्ट्स ह्या तरुणाने हीच गोष्ट सामान्य माणसाच्या हक्काची करून दाखविली. चौदाव्या वर्षी पोलिओने त्याचे अंग लुळे पडले. श्वासासाठी यंत्रात निजावे लागे. तरी १९६२ मध्ये तो बर्कलेच्या विद्यापीठात शिकावयास गेला. पुढे १९७२ मध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी स्वतंत्र जीवनासाठी एक केंद्र काढले. मदतनीस कोण असावा, त्याने केव्हा यावे व काय करावे, हे ज्याचे शरीर त्याने ठरवावे, हे त्या केंद्राचे सूत्र होते. ज्या सरकारी खात्याने त्यास कामास अपात्र म्हटले होते, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला.

गुलाबराव महाराजांस शिष्य होते. खेड्यातल्या अंध शेतकऱ्यास शिष्य कोठून मिळणार? आपल्याकडे ‘घरी सेवा होते’ असे म्हणतात, तेव्हा ती बहुधा आई करते अथवा सून करते. तिला वेतन नाही, विसावा नाही. आणि जिच्या श्रमास अंत नाही तिच्याकडे रोज हात पसरताना घेणाऱ्याचीही मान खाली जाते. म्हणून केवळ हिस्सा देऊन भागत नाही. मदतीचीही तजवीज हवी. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील १९ व्या कलमाने ती मागितली, व भारताने २००७ मध्ये तो करार मान्य केला. त्यास अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की, कोणासही अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येणार नाही, आणि घरी राहून मिळणाऱ्या साहाय्याची वाट त्याला खुली असली पाहिजे. महाराष्ट्रात तर ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावयाची आहे. त्या पैशातून खुर्च्या व काठ्या वाटल्या जाव्यात हे ठीकच. पण रोज दोन तास येणारा मदतनीस त्यातून का ठेवू नये, हा प्रश्न ग्रामसभेत एखाद्याने विचारावयास हरकत नाही.

त्या कायद्याचे १३ वे कलम मी प्रथम वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळविण्याचा व आपला पैसा आपण सांभाळण्याचा हक्क त्यात आहेच. पण पुढे असेही म्हटले आहे की, एखाद्या व्यवहारात साहाय्य करणाऱ्याचे हित व दिव्यांग व्यक्तीचे हित परस्परविरुद्ध असेल, तर त्या व्यवहारात त्याने साहाय्य करू नये. आमच्या ओसरीवर त्या दिवशी बसलेल्यांपैकी ह्या कसोटीस कोण उतरला असता? ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी दिलेला शब्द पाळला. अप्पांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पहिले पान त्यांचेच होते.

परंतु अप्पांनी जो प्रश्न विचारला तो अन्नाचा नव्हता. आजही गावोगाव अशा वाटण्या होत आहेत, आणि अंगठे उठत आहेत. ज्या घरात असा कागद होणार असेल, तेथे वाटणीत ज्याचा लाभ नाही अशा एखाद्या शिकलेल्या माणसाने पुढे व्हावे, आणि अंगठ्याच्या आधी तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा. तेवढे जरी झाले, तरी मी जे त्या वाटेवर सांगू शकलो नाही, ते दुसऱ्या कोणा अप्पांस कळेल.