वऱ्हाडातला कापूस, मलायातलं झाड आणि समुद्रातली तार

समुद्राखालच्या केबल्सचा विषय वाशीमच्या माणसाने काढला की लोक आधी हसतात. बरोबरच आहे म्हणा, आमच्याकडे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात! पण मंडळी, ही ओळख दीडशे वर्षं जुनी आहे.

साल १८७०. वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. वाशीम-कारंजा म्हणजे कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हापासून साहेबाची नजर वऱ्हाडावर होती. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली आणि त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्रात तार टाकली. जूनपर्यंत मुंबई-लंडन जोडले गेले. जमिनीवरून जाणाऱ्या तारा आधीही होत्या, पण बेभरवशाच्या. आता लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला लगेच कळू लागला. शेतकऱ्याच्या पदरात त्यातलं काय पडलं, हा वेगळा (आणि कडू) विषय आहे. असो.

पुस्तकात गोष्ट इथेच संपते. मला प्रश्न पडला तो इन्सुलेशनचा. तेव्हा प्लास्टिक नव्हतं, मग खाऱ्या पाण्यात तांब्याच्या तारेवर गुंडाळलं काय?

उत्तर आहे गटापर्चा. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक. गरम केला की मऊ, थंड झाला की कडक, आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा. (तुमचं रूट कॅनल झालं असेल तर दाताच्या आत बहुधा तोच भरलाय!) घोळ एवढाच की रबरासारखी चीर पाडून हा चीक वाहत नाही, लगेच गोठतो. म्हणून लोक सरळ झाडच पाडायचे. इतिहासकार जॉन टली यांनी २००९ मध्ये यावर लेख लिहिला. त्यांच्या हिशेबाने एका झाडातून सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास चीक मिळे. अटलांटिकच्या पहिल्या केबलला, १८५७ मध्ये, साधारण २५० टन गटापर्चा लागला. भागाकार करा, आठ लाख झाडं होतात. एका केबलसाठी!

पुढे तुटवडा पडल्यावर शहाणपण आलं. डचांनी १८८५ मध्ये जावात चिपेतिर इथे मळा लावला, आणि झाड न तोडता पानांतून चीक काढायचं तंत्र आलं. मग १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीला पॉलिथिन सापडलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गटापर्चाची गरजच संपली. ज्या प्लास्टिकला आपण रोज शिव्या घालतो त्याने हे झाड वाचवलं, हे मला अजून पचत नाही. म्हणजे केबलचं पर्यावरणावरचं ओझं सगळ्यात जास्त कमी झालं ते समुद्रात नाही, जंगलात.

आता तुम्ही म्हणाल, मग समुद्राचं काय? खोल समुद्रात केबल बागेतल्या पाइपाएवढी, जेमतेम दोन सेंटीमीटर जाड, नुसती तळावर ठेवलेली असते. कॅलिफोर्नियाजवळ १९९५ मध्ये टाकलेली एक केबल २००३ मध्ये तपासली, तर चिखलाच्या तळावर फारसा फरक नव्हता, उलट तिच्यावर समुद्री फुलं वाढली होती. पण किनाऱ्याजवळच्या खडकावर, लाटांनी केबल घासून खोबणी पडल्या होत्या. खरी काळजी घ्यायची ती उथळ पाण्यात. तिथे केबल नांगराने मीटरभर खोल पुरतात, प्रवाळ टाळून मार्ग आखतात, आणि शेवटचा टप्पा किनाऱ्याखालून आडवं बोअर मारून नेतात, पुण्यात रस्ता न खोदता फायबर टाकतात अगदी तसंच. बंद पडलेल्या केबल्स काही ठिकाणी वर काढून तांबं-पोलाद पुन्हा वापरतात.

मुंबईत मात्र हा उथळ टप्पा म्हणजे कोळ्यांची जाळी, खाड्या आणि तिवरं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग ठरवला, आणि सार्वजनिक कामासाठीसुद्धा कोर्टाची परवानगी लागेल असं सांगितलं. मार्ग आखताना आता तिवरांचा नकाशा आधी उघडावा लागतो. तांबं आणि पोलाद कुठल्या खाणीतून आलं, हे मात्र त्या नकाशावर अजूनही दिसत नाही.