गोंदण दिसतं, नाव दिसत नाही

मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने छापला. तिसऱ्या खंडात गोंडांची छायाचित्रं आहेत. एकाखाली लिहिलंय, प्रवासातले गोंड. दुसऱ्यात बाया जात्यावर दळताहेत. तिसऱ्यात दाखवायचं होतं ते पायांच्या मागच्या बाजूचं गोंदण. माणसाचं नाव या ओळींत कुठेच नाही. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत : आर. व्ही. रसेल, आणि त्यांना साहाय्य करणारे रायबहादूर हिरालाल. भंडारा जिल्ह्याचं १९०८चं गॅझेटिअर संपादणारे रसेल ते हेच.

याच खंडात गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा सारांशाने दिली आहे. तिचा माग काढत गेलं की आपण नागपूरला पोचतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तिथे आले. गोंडांचे गायक असलेल्या परधानांच्या तोंडची गोंडी गाणी त्यांनी रोमन अक्षरांत उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३च्या रात्री टाकळघाटहून परतताना ते बोरीजवळ नदीत बुडाले. मागे राहिलेली हस्तलिखितं चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापली. टेंपल यांच्या पुस्तकावरही नावं दोनच, हिस्लॉप आणि टेंपल. गाणाऱ्या परधानाला तिथे जागा मिळाली नाही.

१८६६-६७च्या जबलपूर प्रदर्शनात तर आदिवासी माणसंच पाहणीसाठी आणली गेली. पाहणी करणाऱ्या समितीचा अहवाल १८६८ साली नागपूरला छापला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना ‘नमुने’ म्हटलंय. १८७१ साली कॅप्टन फोर्सिथ यांनी लिंगोचं गाणं इंग्रजी पद्यात बसवलं. लॉंगफेलोने अमेरिकेतल्या आदिवासींवरच्या काव्यासाठी जी चाल वापरली होती, तीच त्यांनी उचलली आणि लिंगोला ‘सेंट’ करून टाकलं.

उत्तर ध्रुवाकडेही हेच घडत होतं. रॉबर्ट फ्लाहर्टींचा १९२२चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हडसन उपसागराच्या किनारी चित्रित झाला. नायकाचं खरं नाव अलाकारिआल्लाक, पडद्यावर तो नानूक झाला. लोक बंदुका वापरत होते, पण चित्रपटात शिकार भाल्याने झाली. आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धं उघडं ठेवलं होतं. पुढे केप डॉर्सेटच्या पीटर पिटसिओलाक या इन्यूइट माणसाने स्वतःच कॅमेरा हाती घेतला. टॉर्चवर लाल कापड बांधून तो आणि त्याची बायको अगीओक फिल्म धूत. त्याच्या छायाचित्रांतली माणसं त्याच्या घरची, ओळखीची होती.

आपल्याकडे कॅमेऱ्याआधी लिंगोचं गाणं परत आलं, यात्रेच्या रूपाने. जुन्या भंडारा जिल्ह्यातलं, १९९९पासून गोंदियात मोडणारं, सालेकसा तालुक्यातलं कचारगड घ्या. दरेकसाजवळच्या या प्रचंड गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. लिंगोने कोंडलेल्या गोंडांना इथूनच सोडवलं, अशी श्रद्धा आहे. १९८०च्या दशकात यात्रेला आजचं रूप आलं, त्यात नागपूरचे गोंडी अभ्यासक मोतीरावण कंगाली यांचा मोठा वाटा होता.

कागद काटेकोरपणे वाचायचे तर एक अडचण येते. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव गोंडांना कोंडतो ते धवलागिरीच्या गुहेत, आणि काचीकोपा लोहागड हे निसटलेल्या चौघांचं ठिकाण. म्हणजे कचारगड हीच ती गुहा, हे १८६६च्या पुस्तकावरून सिद्ध होत नाही. पण तो पाठही एका परक्या माणसाने टिपलेला आहे. त्याला मूळ मानून यात्रेला खोटं ठरवणं म्हणजे नाव न छापलेल्या परधानाला दुसऱ्यांदा गप्प करणं. माझ्या मते दोन्ही साधनं शेजारी ठेवावीत, आणि कोणतं कधी, कुणाकडून आलं ते स्पष्ट लिहावं.

सालेकसा, देवरी, अर्जुनी भागातल्या वाचकांना एक विनंती. घरात कचारगडच्या जुन्या यात्रांचे फोटो असतील, तर त्यांतल्या माणसांची नावं, गाव आणि साल मागच्या बाजूला पेन्सिलीने आजच लिहून ठेवा.