मावशी, कायदा आणि रात्रपाळी

परवा इस्लामपूरला गेलो तर मावशी म्हणाली, "पोरीला रात्री कसलं रे काम?" आमची ताई पुण्यात सपोर्टला आहे. अमेरिकेतला सर्व्हर झोपला की हिची झोप उडते!

गंमत म्हणजे १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदाही मावशीच्याच बाजूचा होता: बायकांना रात्रपाळी नाही. आयटी कंपन्यांचं काम सरकारी सवलतीवर चालायचं. २०१७ च्या नव्या कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामाची मुभा दिली. अटी तीन: बाईची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन.

जवळच्या राजारामनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. म्हणजे पदवी दारात आली, पण कायदा बदलायला आणखी ३४ वर्षं लागली. आणि सपोर्टमध्ये रात्र नाकारली की बऱ्याचदा पूर्णवेळ नोकरीच हातची जाते.

मावशीला एवढंच म्हणालो, संमती ताईची लागते, आपली नाही.