झोप नव्हे ती झोप

संमोहन म्हटले, की डोळ्यांपुढे झोपी गेलेला माणूस येतो. ही समजूत पसरायला एक शब्दही कारणीभूत आहे.

पूर्वी या विद्येला डॉ. मेस्मर यांच्या नावावरून 'मेस्मेरिझम' म्हणत. शरीरात चुंबकीय प्रवाह असतो, असे ते मानत. १७८४ मध्ये पॅरिसच्या चौकशी आयोगाने हा प्रवाह नाकारला आणि परिणामाचे श्रेय कल्पनाशक्तीला दिले.

१८४१ मध्ये मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी असे प्रयोग पाहिले. ग्रीक भाषेत 'हिप्नोस' म्हणजे झोप. त्यावरून बेतलेले नाव त्यांनी १८४३ च्या ग्रंथात वापरले. त्याचेच पुढे 'हिप्नॉटिझम' झाले. नंतर त्यांनाच उमगले, की ही झोप नाही. मन एकाच कल्पनेवर खिळलेले असते. म्हणून १८४७ मध्ये त्यांनी 'मोनोआयडिझम' हा शब्द सुचवला. पण जुना शब्द लोकांच्या तोंडी बसला होता.

आपले 'संमोहन' संस्कृत 'मुह्' धातूपासून आले. मुह् म्हणजे भान हरपणे. कामदेवाच्या पाच बाणांपैकी एक संमोहन. 'रघुवंशा'त अजकुमार संमोहनास्त्राने शत्रूंना ठार न करता झोपवतो. म्हणजे आपल्याही शब्दाला झोपेची आणि वशीकरणाची छाया आहेच.

उपचारातल्या संमोहनात मात्र माणसाचे भान सहसा हरपत नाही. डॉक्टरांनी तो उपचार सुचवला, तर नाव ऐकून बिचकू नये. तो कसा करतात, हे आधी विचारून घ्यावे.